दुसऱ्याच्या नावाने पळायला लागलं तर पळणं टिकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रोडला राहता, पळायला सुरुवात करता आणि आठ-दहा दिवसांत बंद पडतं. कुणीतरी सुचवलं की एखाद्या माणसाच्या नावाने पळा. हे खरंच चालतं का, आणि करायचं कसं?

चालतं. पण मनातल्या मनात "हे आईसाठी" म्हणून निघालात तर तेही आठ-दहा दिवसच पुरेल. पहाटे गजर होतो तेव्हा भावना काही जागी नसते. त्या वेळी उपयोगी पडते ती आधी ठरवून, बोलून ठेवलेली गोष्ट. पूजेच्या संकल्पात गुरुजी स्थळ, काळ, नाव आणि हेतू उच्चारायला लावतात आणि मगच पाणी सोडायला सांगतात. तुमचंही सगळं तसं एका वाक्यात यायला हवं. उदाहरणार्थ: "पुढचे आठ आठवडे दर मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी सकाळी सहा वाजता मी तळजाई टेकडीवर आईच्या नावाने अर्धा तास पळेन आणि घरी आल्यावर तिला फोन करीन." हे कागदावर लिहा आणि त्या माणसाला वाचून दाखवा. कोणालाच न सांगितलेला संकल्प मोडला तरी कोणाला कळत नाही, म्हणून तो मोडतो.

त्या वाक्यात वेग नाही आणि अंतरही नाही, हे मुद्दाम. नाव जोडायचं ते घराबाहेर पडण्याला. "आईसाठी पाच किलोमीटर" असं ठरवलंत की ज्या दिवशी तीनच झाले त्या दिवशी अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की माणूस पुढच्या वेळी टाळतो. अर्धा तास मात्र चालत-पळत कसाही पुरा होतो.

माणूस निवडताना सर्वांत प्रिय कोण, हे बघू नका. "आज गेला होतास का?" असं जो रागावल्याशिवाय विचारेल आणि "नाही" हे उत्तर ऐकून घेईल, तो निवडा. आई, आजोबा, आत्या, जुने शिक्षक, परगावी गेलेला मित्र, कोणीही चालेल. ज्याच्याशी सध्या अबोला किंवा ताण आहे त्याचं नाव घेऊ नका. पुढच्या भांडणाबरोबर पळणंही बंद होईल. खेळाडू, नट अशी दूरची माणसंही नकोत, कारण तुम्ही गेलात की नाही हे त्यांना कधीच कळणार नाही. आपल्याकडे बहुतेक आया पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणणार, "माझ्यासाठी कशाला जीवाला त्रास करून घेतोस?" अशा वेळी समजावत बसू नका, त्यांना एक काम द्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तुमच्या फोननंतर त्यांनी लाल पेनने खूण करायची. खूण तुमच्या मोबाइलमध्ये न होता त्यांच्या भिंतीवर झाली की दोन्ही बाजूंना त्याचं वजन येतं. मला तरी या सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत कामाचा भाग वाटतो.

फोनवर काय सांगायचं? किलोमीटर आणि वेगाचे आकडे बहुतेकांना कळत नाहीत आणि ऐकून कंटाळा येतो. वाटेत पाहिलेलं काहीतरी सांगा. तळजाईवर मोरांचा आवाज आला, वळणावरचा बहावा फुललाय, आज धुकं होतं. रोज सांगण्यासारखं एक तरी शोधायचं म्हटलं की पळताना लक्ष बाहेर राहतं आणि घड्याळाकडे सारखं बघणं कमी होतं. दोन मिनिटांचा फोन पुरे. व्यायामाच्या ॲपचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे त्या माणसाला सांगणं नव्हे. तिथे अंगठे येतात, प्रश्न येत नाही.

आता प्रत्यक्ष पळणं. आठ-दहा दिवसांत बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा इच्छाशक्ती नसून वेग असतो. पहिल्याच दिवशी माणूस शाळेतल्या शर्यतीसारखा सुटतो, दोन मिनिटांत धाप लागते, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि नडग्या दुखतात. म्हणून आठ आठवडे असे काढा. आधी पाच मिनिटं झपझप चालणं. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सात वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, पाच वेळा. पाचव्या-सहाव्यात तीन मिनिटं पळून एक मिनिट चालणं, पाच वेळा. सातव्या-आठव्यात पाच मिनिटं पळून एक मिनिट चालणं, चार वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि लागोपाठ दोन दिवस नाही.

वेग किती हवा? पळताना एक पूर्ण वाक्य मोठ्याने बोलता आलं पाहिजे. फोनवर जे सांगणार आहात तेच वाक्य पळता पळता म्हणून बघा. मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून गेला तरी हरकत नाही.

तिसरा-चौथा आठवडा सर्वांत फसवा. तोवर दम सुधारलेला असतो, पण नडगीचं हाड, घोटा आणि टाचेमागचा स्नायूबंध यांना तयार व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. फुप्फुसं "चल" म्हणतात आणि पाय तयार नसतात. त्यात कोणाच्या तरी नावाने पळत असलात तर "एवढं दुखणं तिच्यासाठी सहन करू" असं वाटायला लागतं. दुसऱ्यासाठी पळण्यातला खरा धोका हाच आहे. नियम आधीच ठरवून ठेवा. दोन्ही पायांचे स्नायू सारखेच अवघडलेत आणि थोडं चालल्यावर मोकळे होतात, तर चालू ठेवा. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, पळता पळता वाढतंय किंवा पाय लंगडतोय, तर तिथेच थांबून चालत घरी या आणि आठवड्यात कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी दाखवा. वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर सुरू करण्याआधीच तपासून घ्या. थांबलात त्या दिवशीही फोन करायचा. "आज नडगी दुखली म्हणून परत आलो" हीसुद्धा कालनिर्णयवरची खूणच आहे.

जागेबद्दल. सिंहगड रोडवर पळू नका; रहदारी, धूर आणि मध्येच संपणारे पदपथ. तळजाईची मातीची वाट सुरुवातीला उत्तम. मोजूनमापून पळायचं तर सारसबागेजवळच्या सणस मैदानाचा 400 मीटरचा ट्रॅक आहे. वेळा आणि प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या. सारसबागेत सकाळी चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते की पळणं होत नाही. वेताळ टेकडी सुंदर आहे, पण सुटे दगड आणि चढउतार असल्यामुळे घोटा मुरगळतो. पहिले आठ आठवडे तिथे चालायला जा. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगडाची पायवाट यांनाही तोवर पळण्यात धरू नका.

सहाची वेळ वर्षभर चालत नाही. पुण्यात मेअखेरीला सहाच्या आसपास उजाडतं, जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेलेले असतात. उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी परतलेलं बरं. हिवाळ्यात अंधारात टेकडीवर एकट्याने जाण्यापेक्षा वेळ तासभर पुढे ढकला आणि ते संकल्पाच्या वाक्यात तसं बदला. पावसाळ्यात सिमेंटच्या ठोकळ्यांवर शेवाळ साचतं आणि बूट घसरतात. मातीवर किंवा ट्रॅकवर जा. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, पाठ फिरवून धूम ठोकू नका. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. कपड्यांवर खर्च नंतर करा.

चुकलेल्या दिवसाचं काय? दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून भरपाई करायची नाही. लागोपाठ दोन वार चुकले तर तिसऱ्या वारी फक्त दहा मिनिटं चालून या, पण ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. मोडतं ते सहसा इथेच, आणि सावरतंही इथेच.

आजारी माणसाच्या नावाने पळणार असाल तर एक विनंती. "मी रोज पळालो तर बाबा बरे होतील" असा सौदा मनात मांडू नका. एखाद्या दिवशी पाऊस आला, तुम्ही गेला नाहीत आणि त्याच दिवशी त्यांची तब्येत बिघडली, तर ते ओझं कुठल्याही दुखापतीहून वाईट. त्यांना बाहेरचं काही आणून द्यायचं, एवढाच हेतू ठेवा. खाटेवरच्या माणसाला टेकडीवरचा आजचा फोटो खूप पुरतो.

गेलेल्या माणसासाठी पळायचं असेल तर आठवड्याचे तिन्ही दिवस त्यांच्या नावावर टाकू नका, विशेषतः पहिल्या वर्षात. रोज दुःखाला हात घातला की पळणंच नकोसं होतं. एकच वार ठेवा, रविवार बरा, आणि वाटेवरची एक जागा ठरवा, एखादं झाड, एखादं वळण. तिथे थांबायचं, आठवण काढायची, पाणी प्यायचं, मग उरलेलं पळायचं. जागा घराजवळच्या अर्ध्या भागात असावी, म्हणजे मन भरून आलं तर चालत परतता येतं. आणि फोन करायला एक जिवंत माणूस हवाच. त्या व्यक्तीला ओळखणारा भाऊ, बहीण, मित्र.

टेरी फॉक्सची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. कॅनडाचा हा तरुण कर्करोगामुळे उजवा पाय गमावल्यावर कृत्रिम पायाने 12 एप्रिल 1980 रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून निघाला आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला. आजार फुप्फुसांत पसरल्याने 1 सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. न सांगितलेला अर्धा भाग असा की निघण्याआधी त्याने वर्षभराहून जास्त काळ सराव केला होता, आणि ज्यांच्यासाठी पळायचं ती रुग्णालयातली कर्करोगाची मुलं त्याने उपचार घेताना स्वतः पाहिलेली होती. नाव खरं होतं, पायांची तयारीही खरी होती.

पुढे कधी शर्यतीत उतरलात (पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, डिसेंबरची), तर प्रत्येक किलोमीटर एकेकाच्या नावाने पळण्याची पद्धत वापरून बघा. पहिल्या तीन किलोमीटरला नाव देऊ नका. तिथे उत्साह तसाही जास्त असतो आणि वेग वाढून घोळ होतो. दहा किलोमीटरच्या शर्यतीत सातवा आणि आठवा जड जातो, अर्धमॅरेथॉनमध्ये साधारण पंधरा ते अठरा, 42.195 किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्याच्या पुढे. नावं तिथे ठेवा. जखमेवर लावतात त्या कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहून पट्टी मनगटावर लावा. हातावर थेट लिहिलेलं घामाने पुसतं. आणि ती नावं ज्यांची आहेत त्यांना आदल्या दिवशी कळवा.

पाय तयार झाल्यावर याच्या पुढचं पाऊल म्हणजे अंध धावपटूचा सोबती होणं. दोघांच्या हातांत एक छोटी दोरी असते. सोबत्याने ओढायचं नाही, पुढे जायचं नाही. वळण, खड्डा, चढ यांची सूचना दोन-तीन पावलं आधी द्यायची आणि वेग समोरच्याने ठरवायचा. त्या वेगात तुम्हाला सहज बोलता येत असेल तरच हे काम घ्या. आधी स्वतः डोळे बांधून कोणाच्या तरी सोबतीने मैदानावर दहा मिनिटं चाला, म्हणजे सूचना किती आधी हवी ते कळतं. इथे तुम्ही आला नाहीत तर दुसऱ्या माणसाचं पळणं होत नाही, त्यामुळे वेळ पाळली जाते.

आठ आठवडे झाले की संकल्पाचं उद्यापन करा. मुदत न ठेवलेला संकल्प कुठे संपतो ते कळतच नाही, नुसता विरतो. त्या माणसाला शक्य असेल तर तळजाईवर घेऊन जा, ज्या वाटेबद्दल दोन महिने फोनवर सांगितलंत ती दाखवा, वीस मिनिटं त्यांच्या चालीने चाला. बाहेर पडणं जमत नसेल तर तुम्हीच त्यांच्याकडे जा आणि लाल खुणा एकत्र मोजा. मग आठवडाभर विश्रांती घ्या, आणि पुढचे आठ आठवडे कोणाच्या नावाने ते त्यांनाच विचारा.