कॅलिफोर्नियाहून नेवाडातल्या बर्लिन-इक्थिओसॉर स्टेट पार्कला जुलैत मुलांसह जायचं आहे. काय तयारी करावी?

आधी फॉसिल शेल्टरच्या (जीवाश्मांवर बांधलेल्या शेडच्या) टूरची वेळ पक्की करा आणि बाकीचा बेत त्याभोवती आखा. इथे बहुतेकांचा विरस होतो तो याच ठिकाणी. इक्थिओसॉर या प्राचीन प्राण्याचे सांगाडे कुलूपबंद शेडमध्ये आहेत, उत्खननात सापडले त्याच थरात तसेच ठेवलेले. हाडं आणि आजूबाजूचा खडक जवळजवळ एकाच रंगाचा, त्यामुळे नुसतं काचेतून डोकावलं तर नवख्याला दगडांचा ढीग दिसतो. कुठला मणका, कुठली बरगडी हे रेंजरने दाखवल्यावरच कळतं. उन्हाळ्यात टूर जास्त असतात, पण वेळा बदलतात. निघण्यापूर्वी पार्कला फोन करा.

मुलांना जाताना गाडीतच सांगून ठेवा: हा डायनोसॉर नव्हे, समुद्री सरपटणारा प्राणी. शोनिसॉरस नावाचा इक्थिओसॉर, सुमारे १५ मीटर लांब, २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायसिक समुद्रातला. (आपल्या कच्छमध्येही इक्थिओसॉर सापडलाय, पण तो जुरासिक काळातला.) एवढे प्राणी एकाच जागी का मेले, यावर जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स कॅम्प यांनी १९५४ मध्ये खोदकाम सुरू केलं तेव्हापासून वाद आहे. २०२२ च्या अभ्यासात मोठ्या प्राण्यांसोबत भ्रूण आणि नवजात पिल्लांची हाडं मिळाली, मधल्या वयाची जवळपास नाहीत. म्हणजे माद्या इथे प्रसूतीसाठी येत असाव्यात. मला हेच सगळ्यात पटतं. शेडबाहेरच्या भिंतीवर पूर्ण आकाराचं शिल्प आहे. आकाराचा अंदाज यावा म्हणून ते आधी दाखवा.

रस्ता: फॅलन गावात गॅसची (पेट्रोलची) टाकी काठोकाठ भरा. हायवे ५० ने मिडलगेट, तिथून ३६१ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला, गॅब्स गावाच्या थोडं अलीकडे डावीकडे ८४४ क्रमांकाचा रस्ता. एका बाजूने साधारण शंभर मैल. पार्कात गॅस नाही आणि गॅब्सच्या भरवशावर राहू नका. नेवाडातल्याच ऑस्टिन गावाकडून आलात तर फोनवरचा नकाशा जवळचा म्हणून लांबलचक कच्च्या रस्त्याने पाठवू शकतो. ८४४ च बरा, शेवटचा टप्पा तिथेही खडीचा आहेच. कोरड्या दिवसात साधी सेडान जाते. वेग कमी ठेवा, खडीवर टायर फाटतो. स्टेपनी आणि जॅक निघण्यापूर्वी तपासा. भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते वाचा. मोबाइलला रेंज धरू नका, नकाशे ऑफलाइन उतरवा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. कॅम्पग्राउंडवर नळ आहेत, पण ते हंगामी. उंची सुमारे ७,००० फूट, म्हणून जुलैतही रात्री जाकीट लागतं. दुपारी वळीव झाला तर ओढ्यांना लोंढा येतो, ओढ्याच्या पात्रात गाडी लावू नका. फीसाठी सुटे डॉलर जवळ ठेवा.

पार्कातलं बर्लिन हे जुनं खाणगाव मात्र आरामात, सकाळच्या उन्हात पाहा. १८९७ च्या सुमारास वसलं, १९११ पर्यंत ओस पडलं. तीस मुसळांची गिरणी खनिज कुटायची, मग पाऱ्याने त्यातलं सोनं धरलं जायचं. गिरणीखालच्या गाळात मुलांना खेळू देऊ नका. जुन्या लाकडात खिळे आहेत, बंद बूट घाला. तिथल्या डायना खाणीची टूर सुरू आहे का तेही त्याच फोनवर विचारून घ्या. आणि दगड असो वा गंजलेला खिळा, काहीही खिशात टाकायला कायद्याने बंदी आहे.