पूलच्या खेळात कुशनला चिकटलेला चेंडू कडेने पॉकेटमध्ये घालताना नेम नेमका कुठे धरावा?

आपण विचारले आहे की कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला चेंडू कोपऱ्यातल्या पॉकेटकडे पाठवताना नेम कुठे धरावा, फटका जोरात मारावा की हळू, आणि क्यू (फटका मारायची काठी) बदलल्याने काही फरक पडेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पडणार नाही. दुसऱ्याचे उत्तर: हळू. पहिल्याविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण त्याचे जे उत्तर प्रत्येक टेबलाभोवती छातीठोकपणे दिले जाते ते अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्यावरून माझा एका ज्येष्ठ खेळाडूशी फार जुना वाद आहे.

ते उत्तर असे: क्यूने मारलेला पांढरा चेंडू कुशनला आणि लक्ष्यचेंडूला, म्हणजे जो पॉकेटमध्ये घालायचा त्याला, एकाच क्षणी लागला पाहिजे. भूमितीने पाहिले तर यात चूक काढता येत नाही. लक्ष्यचेंडूच्या मागे दुसरा चेंडू कुशनला टेकवून ठेवला, तर पांढऱ्या चेंडूने कुठे पोहोचायचे ती जागा मिळते, आणि तिथे तो साहजिकच दोघांनाही स्पर्श करतो. पण चेंडूंमध्ये घर्षण असते, हे या भूमितीत कुठेच येत नाही. पांढरा चेंडू तिरका कुशनकडे येत असतो, त्यामुळे धडकेच्या क्षणी तो लक्ष्यचेंडूला घासतो आणि किंचित आपल्याबरोबर, म्हणजे कुशनच्या दिशेने, ओढतो. चिकटलेला चेंडू कुशनमध्ये दाबला गेला की कुशन त्याला बाहेर ढकलते आणि कडेची वाट सुटते.

ही वाट किती अरुंद आहे ते लक्षात घ्या. कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंच धरले आणि ते कुशनशी 45 अंशांत आहे हे ध्यानात घेतले, तर कडेने येणाऱ्या चेंडूला त्यातले सुमारे 81 मिलिमीटरच मोकळे मिळतात. चेंडूचा व्यास 57 मिलिमीटर. उरले 24. नऊ फुटी टेबलावर मधल्या पॉकेटापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर 50 इंचांच्या आसपास असते आणि तेवढ्या वाटेवर एका अंशाची चूक चेंडूला जवळजवळ 22 मिलिमीटर बाहेर नेते. म्हणजे एका अंशात सगळी मुभा संपली, आणि हळू मारलेल्या तिरक्या फटक्यात केवळ घर्षणाची ओढ एका अंशाहून सहज जास्त असू शकते.

म्हणून माझे मत असे आहे, आणि ते मी कोणापुढेही मांडायला तयार आहे, की पांढरा चेंडू केसभर आधी कुशनला लागला पाहिजे. कुशन रबराचे असते, ते दबते, पांढरा चेंडू त्यात किंचित रुतलेला असतानाच लक्ष्यचेंडूला भिडतो आणि त्याला जरासा बाहेरच्या बाजूने ढकलतो. घर्षण आत ओढते, हा धक्का बाहेर ढकलतो, आणि चेंडू कडेने सरळ निघतो.

वर ज्या ज्येष्ठ खेळाडूंचा उल्लेख केला ते जोड्यांच्या एका सामन्यात माझे जोडीदार होते. काळा चेंडू लांब बाजूच्या कुशनला चिकटलेला होता, पांढरा टेबलाच्या मध्यावर होता आणि कोन अर्ध्या चेंडूचा, म्हणजे 30 अंशांच्या जवळपासचा होता. माझी पाळी येताच ते म्हणाले, “दोन्ही एकदम लागू दे, आणि चांगला दणकून मार, म्हणजे वाट सोडणार नाही.” त्यांच्याविषयी मला आदर आहे, लांबून सरळ चेंडू पॉकेटमध्ये घालण्याची त्यांची हातोटी मी आजही डोळे भरून पाहतो, परंतु तो सल्ला मी मानला नाही. मी नजर काळ्या चेंडूवरून काढून कुशनच्या कडेवर, टेकण्याच्या जागेच्या किंचित मागे ठेवली आणि चेंडू पॉकेटपर्यंत पोहोचून थोडी गती शिल्लक राहील इतक्याच जोराने फटका मारला. काळा चेंडू कडेला धरून गेला आणि जबड्यांना, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या दोन कडांना, न लागता आत पडला. सामना आम्ही जिंकला. हस्तांदोलन करताना ते सर्वांसमोर म्हणाले, “पांढरा आधी कुशनला लागला होता. नशिबाने गेला.”

जो फटका विचार करून, ठरवून मारला त्याला नशीब म्हटलेले मला सहन होत नाही. पुढच्या भेटीत मी तोच चेंडू त्याच जागी मांडला आणि फोन कुशनच्या पट्टीवर आडवा ठेवून सेकंदाला 240 चित्रे घेणाऱ्या संथ गतीत फटका टिपला. पांढरा चेंडू सेकंदाला एक मीटर या वेगाने येत असेल, तर दोन चित्रांमध्ये तो चार मिलिमीटर सरकतो, म्हणजे केसभर आधी लागणे डोळ्यांना दिसू शकते. आणि ते दिसले: एका चित्रात कुशनची कड पांढऱ्या चेंडूखाली आत गेलेली आहे आणि लक्ष्यचेंडू अजून हललेला नाही, पुढच्या चित्रात दोन्ही चेंडू भिडलेले आहेत. त्यानंतर मी त्यांच्याच पद्धतीने मारलेला फटका दाखवला. त्यात लक्ष्यचेंडू प्रथम कुशनमध्ये दबतो, मग बाहेर येतो आणि पलीकडच्या जबड्यावर आदळतो.

यावर त्यांचा आक्षेप असा होता की इतका बारीक फरक हाताने साधणारा माणूस जन्माला यायचा आहे. माझे म्हणणे नेमके इथेच सुरू होते. हात मिलिमीटरभर चुकणारच, तेव्हा प्रश्न अचूकतेचा नसून चूक कोणत्या बाजूला पडावी याचा आहे. नेम ‘एकदम’ या बिंदूवर ठेवला, तर निम्म्या चुका जाड बाजूला, म्हणजे चेंडू आधी लागण्याकडे जातात, आणि तिथे घर्षण त्या चुकीत भरच घालते. नेम कुशनकडे सरकवला की बहुतेक चुका अशा बाजूला पडतात जिथे रबर त्या पोटात घालते. हे त्यांनी आजवर मान्य केलेले नाही.

जोराबद्दलचा त्यांचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. जोराने घर्षणाची ओढ थोडी कमी होते, हे खरे; पण जोरात आलेला चेंडू जबड्याला लागला की बाहेर फेकला जातो, आणि हळू आलेला चेंडू त्याच जागी लागून आत घरंगळतो. फक्त इतके हळूही मारू नये की चेंडू पॉकेटपर्यंत पोहोचणारच नाही: धडकेनंतर कोणताही चेंडू पॉकेटमध्ये गेला नाही आणि कुशनलाही लागला नाही तर फाऊल होतो, आणि आधीचा कुशनस्पर्श त्यात धरला जात नाही.

साइड, म्हणजे पांढरा चेंडू मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी, द्यायची असेल तर ती कुशनच्या विरुद्ध बाजूची द्यावी. कुशन डावीकडे असेल तर उजवी साइड. अशा फिरकीने पांढरा चेंडू कुशनवरून टेबलाकडे न उसळता कडेने पुढे सरकतो आणि ‘केसभर’ची मुभा वाढते. कुशनच्या बाजूची साइड देऊन घर्षणाची ओढ मारणारे चांगले खेळाडू आहेत. त्यांनी आधी कुशनला लागण्याच्या फंदात पडू नये, त्यांचे गणित वेगळे आहे. ज्यांचा साध्या फटक्यातला क्यू अजून सरळ जात नाही त्यांनी दोन्ही विसरावे.

आता मर्यादा सांगतो. हे सर्व साधारण 30 ते 60 अंशांच्या कोनांना लागू आहे. चेंडू कुशनपासून बोटभर जरी सुटलेला असेल तरी ही युक्ती वापरू नये. तिथे नेहमीसारखा आधी चेंडूच लागला पाहिजे. पुसलेल्या चेंडूंवर ओढ कमी असते, तेव्हा कुशनकडे कमी झुकावे. स्नूकरमध्ये चेंडू लहान आणि जबडे गोलाकार असतात, तिथे हे आकडे लावू नयेत.

आपल्या प्रश्नात पांढरा चेंडूही त्याच कुशनला टेकलेला असल्याचे शेवटी लिहिले आहे. त्या मांडणीत कट, म्हणजे फटक्याचा तिरकेपणा, जवळजवळ नसतोच, त्यामुळे वरची युक्तीही लागत नाही. कुशनची कड चेंडूच्या उंचीच्या सुमारे 63 टक्क्यांवर, म्हणजे 36 मिलिमीटरांवर असते. क्यू कुशनवरून यायचा असेल तर टोकाला पांढऱ्या चेंडूचा वरचा 21 मिलिमीटरचाच भाग मिळतो, आणि क्यू कुशनला समांतर धरता येत असला तरी हात ठेवायची जागा अडचणीची असते. बोटे पट्टीवर सपाट टेकवावीत, क्यू होता होईल तितका आडवा ठेवावा, झोका आखूड घ्यावा आणि साइड अजिबात देऊ नये, कारण उचललेल्या क्यूने दिलेली साइड चेंडूला वळण देते. फटका हळूच मारावा.