मिठाच्या थरात 'ताण' असतो का?

प्रश्न असा आहे : गाळाच्या द्रोणींमध्ये, म्हणजे गाळ साचून भरलेल्या विस्तीर्ण खोलगट भागांमध्ये, जमिनीखालच्या मिठाच्या थरांचा 'स्ट्रेस'वर काय परिणाम होतो, याविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना स्ट्रेससाठी सगळीकडे 'ताण' लिहिले तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. 'ताण' म्हटले की ओढणे आलेच. दोरी ताणतात, धनुष्य ताणतात. मनाच्या ताणामुळे हा शब्द इतका रुळला आहे की स्ट्रेस दिसला की हात आपोआप 'ताण' लिहितो. पण खोल जमिनीखालचा खडक बहुतेक ठिकाणी ओढला जात नसतो, दाबला जात असतो.

मग 'दाब' लिहावे का? पाण्यात बुडालेल्या वस्तूला एखाद्या ठिकाणी सगळ्या बाजूंनी सारखा जाणवतो, तो दाब. खडकाचे तसे नाही. समजा, 3 किलोमीटर खोलीवर वरच्या थरांच्या वजनाने उभ्या दिशेत 70 मेगापास्कल (दाब ज्यात मोजतात ते एकक) येतात, तर आडव्या दिशेत 50च असू शकतात. दिशेनुसार बदलणाऱ्या या राशीला परिभाषेत 'प्रतिबल' म्हणतात. शब्द थोडा जड आहे, पण लेखात एकदा समजावून सांगितला की पुढे अडत नाही.

आता मिठाकडे येऊ. मिठाचा खडा हातोडीने फुटतो, पण भार दीर्घकाळ राहिला की तेच मीठ अतिशय सावकाश वाहू लागते. वाहणाऱ्या पदार्थाला एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी असा फरक फार काळ धरून ठेवता येत नाही. तो सरकतो आणि फरक मिटवतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात मिठाच्या थरातले आडवे प्रतिबलही 70च्या जवळ जाते. म्हणजे मिठाच्या आत प्रतिबलाचा जवळजवळ दाबच होतो! तेवढ्या जागी 'दाब' हाच नेमका शब्द आहे. तेलविहिरी खोदणाऱ्यांची तर त्याच्याशी रोजची गाठ. विहिरीत भरलेला खोदाईचा चिखल पुरेसा जड नसेल तर मीठ चहूबाजूंनी आत सरकते, भोक अरुंद होते आणि ड्रिल बिट, म्हणजे खोदणारे टोक, जागच्या जागी आवळले जाते.

मिठाला लागून असलेल्या खडकासाठी मात्र पुन्हा 'प्रतिबल'च हवे. तिथे त्याच्या मुख्य दिशा, म्हणजे ते सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी असते त्या दिशा, उभ्या-आडव्या न राहता मिठाच्या तिरक्या कडेप्रमाणे वळतात, आणि 'दाब' लिहिले की दिशाच नाहीशी होते. लेखाचा सगळा जीव त्या दिशेत आहे.

'ताण'ही वाया जात नाही. गाळ खोल गाडला जाताना घट्ट आणि जड होत जातो. मिठाची घनता मात्र पाण्याच्या सुमारे 2.16 पट, तेवढीच राहते. वरचा भार असमान असला की मीठ कमी भाराकडे सरकते आणि कधी घुमटासारखे वर चढते. त्या घुमटाच्या माथ्यावरचे थर खरोखरच ओढले जातात, त्यात विभंग, म्हणजे थर सरकवणाऱ्या भेगा, पडतात. तिथे निःशंकपणे 'ताण' लिहा.

'सॉल्ट'साठी साधे 'मीठ'च ठेवा. 'क्षार' आणि 'लवण' यांत इतर अनेक पदार्थ येतात. खनिजाचे नाव हवे असेल तर 'सैंधव' आहे, बोलीतले 'शेंदेलोण'ही आहे.

अशा लेखात 'प्री-सॉल्ट' आणि 'सब-सॉल्ट' हे शब्दही भेटतील. दोन्हींना 'मिठाखालचे' म्हणण्याचा मोह आवरा. ब्राझीलच्या सांतोस द्रोणीतले तेल धरणारे खडक मीठ साचण्याच्या आधीचे आहेत, म्हणून ते 'मीठपूर्व'. मेक्सिकोच्या आखातात जुरासिक काळातले मीठ वर चढून नव्या गाळावर आडवे पसरले आहे. तिथे मिठाखालचा खडक मिठापेक्षा वयाने लहान असतो. त्याला 'मीठपूर्व' म्हटले तर कोट्यवधी वर्षांची चूक होईल.