वाचकांचे प्रश्न : स्थलांतर आणि मजुरी

प्रश्न : कोणत्याही वस्तूचा पुरवठा वाढला की तिचा भाव उतरतो. मग बाहेरून कामगार आले की मजुरी उतरणार, हे उघड नाही का? तरीही अर्थतज्ज्ञ यावर इतकी वर्षे वाद का घालत आहेत?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपला तर्क चुकीचा नाही, पण अपुरा आहे. बाकी सगळे जसेच्या तसे राहून केवळ कामगारांची संख्या वाढली, तर मजुरीवर दाब येणारच. मात्र बाकी सगळे जसेच्या तसे राहत नाही. बाजारात आलेले धान्याचे पोते स्वतः काही विकत घेत नाही. आलेला माणूस मात्र पहिल्या दिवसापासून राहायला खोली शोधतो, जेवतो, कपडे घेतो, प्रवास करतो, पुढे मुलांना शाळेत घालतो, आणि त्याच्या या खर्चातून इतरांसाठी कामे निर्माण होतात. शिवाय हाताशी कामगार अधिक असले की यंत्रे आणि इमारती यांत पैसा गुंतवणे अधिक किफायतशीर ठरते, गुंतवणूक वाढते आणि कामगारांची मागणीही वाढते. देशात कामाचा एक ठरावीक साठा आहे आणि बाहेरच्याने त्यातला वाटा उचलला की आपला तेवढा कमी होतो, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. आपल्याकडे या विषयावर बोलताना ‘लोंढा’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तो मला खटकतो. पुराचे पाणी येते ते केवळ वाहून नेते, माणसे तसे करत नाहीत.

हे दोन परिणाम एकमेकांना कितपत छेद देतात, हे मात्र प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागते, आणि वाद आहे तो तिथे. सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील मायामी शहराचे. १९८० च्या एप्रिलमध्ये क्यूबाच्या सरकारने मारिएल बंदरातून देशाबाहेर जाण्याची मुभा दिली आणि काही महिन्यांत सुमारे १,२५,००० माणसे अमेरिकेत पोहोचली. त्यांतली जवळपास निम्मी मायामीत स्थिरावली आणि त्या शहराची श्रमशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना तशाच इतर शहरांशी केली, तेव्हा तिथल्या अल्पकुशल कामगारांच्या मजुरीवर किंवा बेरोजगारीवर या घटनेचा ठळक परिणाम त्यांना आढळला नाही. पुढे २०२१ मध्ये श्रम-अर्थशास्त्रातील कामाबद्दल कार्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी मायामीची तीच आकडेवारी पुन्हा तपासली होती. माध्यमिक शिक्षणही पूर्ण न केलेल्या, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या) नसलेल्या पुरुषांपुरते पाहिले तर मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली, असे त्यांनी मांडले. त्यावर इतर संशोधकांनी दोन आक्षेप घेतले : हा गट पाहणीत फार लहान होता, आणि नेमक्या त्याच काळात पाहणीतील कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण वाढले होते. त्यांची सरासरी मजुरी आधीपासूनच कमी असल्याने घसरण असल्यापेक्षा मोठी दिसली. मला हे आक्षेप वजनदार वाटतात. तरीही बोर्हास यांनी धरलेला धागा सोडून देण्यासारखा नाही, कारण शहराची सरासरी शाबूत असतानाही तळाच्या एखाद्या लहान गटाला फटका बसू शकतो.

याच्या शेजारी जर्मनीचे उदाहरण ठेवावे. १९९१ पासून चेक नागरिकांना जर्मनीच्या सीमाभागात काम करण्याची परवानगी मिळाली, मात्र तिथे राहण्याची नाही. माणसे कामाला येत आणि घरी परतत. मजुरी जर्मनीत मिळे आणि बहुतेक खर्च सीमेपलीकडे होई. इथे स्थानिकांची मजुरी फारशी घसरली नाही, पण त्यांचा रोजगार चांगलाच घटला. कामावर असलेल्यांना काढून टाकण्यापेक्षा नव्या स्थानिकांना कामावर घेण्याचे प्रमाण कमी झाले, हे त्याचे मुख्य कारण होते. मायामीतले नवे लोक तिथेच राहिले, तिथेच खर्च करू लागले. सीमाभागात मात्र पुरवठा वाढला आणि मागणी त्याबरोबर वाढली नाही. दोन्ही ठिकाणी इतरही अनेक फरक होते, पण कमावलेला पैसा कुठे खर्च होतो हा प्रश्न मी तरी पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

प्रश्न : समजा, सरकारने परदेशी मजुरांना बंदीच केली, तर त्यांची कामे स्थानिकांना चांगल्या मजुरीवर मिळणार नाहीत का?
– अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १९४२ पासून अमेरिकेत ‘ब्रासेरो’ नावाच्या करारानुसार मेक्सिकोचे पुरुष शेतीच्या हंगामापुरते कामाला येत असत. हे मजूर आल्यामुळे अमेरिकी शेतमजुरांची मजुरी दबलेली राहते, या कारणावरून १९६४ च्या अखेरीस तो करार संपवण्यात आला आणि काही लाख हंगामी मजूर शेतीतून बाहेर पडले. ज्या राज्यांत हे मजूर अधिक होते तिथे स्थानिकांची मजुरी झपाट्याने वाढायला हवी होती. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी जुन्या नोंदी जमवून राज्याराज्यांची तुलना केली, तेव्हा तसे काहीच दिसले नाही; ब्रासेरो मजूर मुळीच नसलेल्या राज्यांत मजुरी जशी वाढत होती, तशीच ती इथेही वाढत राहिली.

याचे कारण टोमॅटोच्या शेतात दिसते. टोमॅटो यंत्राने तोडता येईल अशी जात आणि ते तोडणारे यंत्र, दोन्ही तोवर तयार झाले होते. मजूर स्वस्त असल्यामुळे शेतकरी ते घेत नव्हते. करार संपताच कॅलिफोर्नियात प्रक्रियेसाठी पिकवल्या जाणाऱ्या टोमॅटोची तोडणी काही वर्षांत जवळजवळ संपूर्णपणे यंत्राने होऊ लागली. ज्या पिकांसाठी यंत्र उपलब्ध नव्हते, त्यांचे उत्पादन काही ठिकाणी घटले. मालकाने मजूर गमावले तेव्हा त्याच्यासमोर स्थानिक मजुराला जास्त पैसे देण्याखेरीज आणखीही वाटा होत्या आणि त्याने त्या निवडल्या.

आता, बंदीने मजुरी कधीच वाढत नाही असा नियम या एका घटनेवरून काढू नये. यंत्र येऊ शकत नाही आणि काम दुसरीकडे हलवता येत नाही, अशा व्यवसायांत परिणाम वेगळा होऊ शकतो. रुग्णाची शुश्रूषा यंत्राकडे सोपवता येत नाही.

प्रश्न : माणसे जिथून निघून जातात, त्या भागाचे काय होते?
– एक वाचक

उत्तर : तिथे हाच हिशेब उलट्या दिशेने चालतो. १९७० ते २००० या काळात मेक्सिकोतून अमेरिकेत झालेल्या स्थलांतरामुळे मागे राहिलेल्यांची मजुरी सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, असा प्राची मिश्रा यांचा निष्कर्ष आहे. परंतु मोठा परिणाम घरी येणाऱ्या पैशाचा असतो. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात फिलिपिन्सच्या पेसोचे मूल्य घसरले. ज्या कुटुंबांची माणसे चलन टिकून राहिलेल्या देशांत कामाला होती, त्यांना अचानक पेसोंमध्ये जास्त रक्कम मिळू लागली. डीन यांग यांना असे आढळले की या कुटुंबांत मुलांचे शिक्षण वाढले, बालमजुरी घटली आणि स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो : घरातला एकजण दूर जातो तो केवळ जास्त मजुरीसाठी नव्हे, तर इथले पीक बुडाले तरी घरात एक मिळकत चालू राहावी म्हणूनही. त्या एकाचे मुलांपासून दुरावणे मात्र यांपैकी कोणत्याही हिशेबात धरलेले नसते.

प्रश्न : मी वीस वर्षांहून अधिक काळ गवंडीकाम करतो आहे. बाहेरून आलेली मुले माझ्यापेक्षा कमी मजुरीवर काम करतात आणि कंत्राटदार त्यांनाच बोलावतो. स्थलांतराने कुणाचे नुकसान होत नाही, असे छापून येते तेव्हा राग येतो. माझे काय?
– एक गवंडी

उत्तर : आपला राग योग्य आहे. कुणाचेच नुकसान होत नाही, असे जबाबदार अभ्यास म्हणत नाहीत. सरासरी नुकसान फारसे दिसत नाही, एवढेच ते म्हणतात, आणि सरासरीवर कुणाचे घर चालत नाही. आपल्याच क्षेत्राचा एक अभ्यास नॉर्वेत झाला आहे. तिथे बांधकामावरच्या वीजकाम आणि नळकाम करणाऱ्यांना परवाना लागतो, सुतार आणि रंगाऱ्यांना लागत नाही. साहजिकच परदेशी कामगार परवाना न लागणाऱ्या कामांत अधिक आले, आणि त्याच कामांत मजुरी इतरांपेक्षा कमी गतीने वाढली. नवा माणूस जे काम लगेच करू शकतो, त्या कामातल्या जुन्या माणसाला झळ बसते. तशी ती आधी आलेल्या स्थलांतरितांनाही बसते, बऱ्याचदा सर्वांत जास्त त्यांनाच.

काम बदला, देखरेखीच्या किंवा गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या कामाकडे वळा, असा सल्ला अशा वेळी दिला जातो. डेन्मार्कमध्ये निर्वासित आल्यानंतर अल्पकुशल स्थानिक कामगार अंगमेहनतीच्या कामांकडून अशा कामांकडे सरकले आणि त्यांची मजुरीही वाढली, हे खरे आहे. परंतु हा बदल विशेषतः तरुण आणि कामावर नव्याने लागलेल्यांमध्ये दिसला. वीस वर्षे एका कसबात घालवलेल्या माणसाला तोच सल्ला तसाच देणे मला बरोबर वाटत नाही. आपल्यासारख्यांसाठी प्रशिक्षणाचा आणि मधल्या काळातील उत्पन्नाचा खर्च सरकारने उचलला पाहिजे, कारण स्वस्त बांधकामाचा लाभ सगळ्या समाजाला मिळत असतो.

आणखी एक गोष्ट आपण विचारात घ्यावी. ती मुले कमी मजुरीवर राबतात ती त्यांच्या गरजा कमी आहेत म्हणून नव्हे. बऱ्याच वेळा त्यांना नाही म्हणण्याची सोय नसते. कर्ज काढून आलेला, कागदपत्रे नसलेला किंवा ज्याचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला आहे असा मजूर, भाव करू शकत नाही, आणि मग त्याच भावाशी आपल्याला स्पर्धा करावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत २०११ पासून करार संपलेल्या परदेशी कामगाराला जुन्या मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे काम धरण्याची मुभा मिळाली. त्यानंतर तिथे आधीपासून असलेल्या कामगारांची कमाई वाढली, आणि नव्या परदेशी मजुरांना बोलावण्याची मालकांची घाई कमी झाली.