दोन किलो दही उरलंय? आधी चमचाभर चाखून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्रावणातल्या सत्यनारायणाला मठ्ठ्यासाठी ३ किलो दही आणलं, नेमका त्या दिवशी पाऊस असा लागला की निम्मे पाहुणे आलेच नाहीत. जे आले त्यांनी मठ्ठा सोडून चहा मागितला. आता २ किलो दही पाच दिवस फ्रिजमध्ये बसलंय आणि घरात माणसं दोन. कढी दोनदा झाली, तिसऱ्यांदा केली तर नवरा खानावळ लावायची भाषा करतोय.

दहीभात करा, असं तुम्हाला आतापर्यंत चार जणांनी तरी सांगितलं असणार. दहीभाताशी माझं काही वाकडं नाही, पण त्यात दही जातं किती? डब्याचा दहीभात करायचा तर कोमट भातात दूध भरपूर आणि दही चमचाभर घालायचं, म्हणजे तो दुपारपर्यंत डब्यातच लागतो आणि आंबटही होत नाही. थोडक्यात, दही संपवायला निघालात आणि आणखी दही लावून ठेवलंत! कोशिंबिरीचंही तेच, वाटीभर दह्यात काम भागतं. दोन किलोचा फडशा असा पडायचा नाही.

आधी चमचाभर दही तोंडात टाकून बघा. फ्रिजमध्ये दही आंबायचं थांबत नाही, फक्त सावकाश आंबतं. वर पाणी सुटलेलं असेल तर घाबरू नका, ते ढवळून घ्या. गुलाबी, हिरवट किंवा केशरी ठिपके दिसले, कडवट लागलं किंवा चमच्याला तार सुटली, तर मात्र वरचं काढून खालचं वापरायचा विचार करू नका. सगळं टाका. दोन किलोचा जीव दोन माणसांच्या पोटापेक्षा मोठा नाही.

दही अजून गोडसर असेल (डबा उघडलाच नसेल तर पाच दिवसांनी असू शकतं), तर आज रात्रीच त्यातलं किलोभर टांगा. धुतलेल्या पंचात गाठोडं बांधायचं, चाळणीत ठेवायचं, चाळणी पातेल्यावर आणि हा सगळा डोलारा फ्रिजमध्ये. बाहेर खुंटीला टांगायची पद्धत थंडीत ठीक आहे, या दमट हवेत सकाळपर्यंत चक्का आंबतो. किलोभर दह्याचा साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का पडतो, दही पातळ असेल तर आणखी कमी. श्रीखंडाला जुन्या बायका चक्क्याएवढी साखर घालतात. मी पाऊण घालते आणि नंतर कुणी ना कुणी कुरकुरतंच. पुरणयंत्रातून काढलंत तर गुठळी राहत नाही. चक्क्याचं पाणी ओतून देऊ नका, त्यात कणीक भिजवा. पोळ्या मऊ होतात आणि जरासा आंबूसपणा येतो तो छान लागतो.

मला वाटतं, तुमचं दही एव्हाना आंबट झालेलं आहे. कढी दोनदा झाली म्हणजे डबा उघडून चमचा चार वेळा आत गेलेला असणार. अशा दह्याचं श्रीखंड करायला जाऊ नका. साखर घालून आंबटपणा झाकला जात नाही, गोड आणि आंबट वेगवेगळे लागत राहतात. त्याचं विरजणही लावू नका, पुढचं दही पहिल्या दिवसापासून आंबट लागेल.

आंबट दह्याला पीठ लागतं. माझं माहेर अंबाजोगाईचं. आमच्याकडे दही आंबलं की आई पिठाचे डबे उघडायची. ज्वारीचं पीठ असेल तर धपाटे, तांदळाचं असेल तर उकड, दोन्ही नसेल तर रव्यावर भागवायचं. दही उरलंय ही तिच्या लेखी अडचण नव्हतीच, पीठ संपलंय ही अडचण.

धपाटे आधी सांगते, कारण दही त्यात बरंच खपतं. २ वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. हिरवी मिरची, लसूण, जिरं वाटून घाला (चातुर्मासात लसूण चालत नसेल तर हिंग सढळ हाताने घाला आणि ओवा वाढवा). हळद, तीळ, मूठभर कोथिंबीर, मीठ. आता पाण्याचा तांब्या जवळ ठेवूच नका. सगळं दह्यातच भिजवायचं, लागेल तसं दही घालत जायचं. सव्वा वाटीच्या आसपास लागतं. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवा, बोट दाबलं तर खड्डा राहील इतपत. रुमालाएवढं सुती फडकं ओलं करून, पिळून पोळपाटावर पसरायचं, त्यावर गोळा ठेवून ओल्या हाताने थापायचा. मधे बोटाने भोक. मग फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं आणि फडकं अलगद सोलून घ्यायचं. पहिला धपाटा फडक्याला चिकटतो आणि फाटतो. माझा अजूनही फाटतो, चाळीस वर्षं झाली. तो करणाऱ्या बाईने उभ्याउभ्या खायचा असतो. कडेने तेल सोडा, दोन्ही बाजूंनी लालसर डाग पडेपर्यंत भाजा. पाणी नसल्यामुळे हे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. एसटीच्या प्रवासात आमच्याकडे हाच डबा असायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी. दोघांना दोन वेळचं होतं आणि पाव किलोच्या वर दही जातं.

उकड हे त्याच्या बरोब्बर उलट काम, वीस मिनिटांत होतं आणि पावसाळी संध्याकाळी दुसरं काही सुचत नाही. वाटीभर आंबट दह्यात दोन वाट्या पाणी घालून घुसळा, त्यातच वाटीभर तांदळाचं पीठ आणि मीठ कालवा. पीठ गार ताकात आधी कालवलं की गुठळ्या होत नाहीत. उकळत्या ताकात कोरडं पीठ लोटणारे लोक असतात, त्यांचा हात बसलेला असतो, आपण त्या वाटेला जायचं नाही. तेलाची फोडणी जरा सढळ करा: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, ठेचलेला लसूण. लसूण तांबूस झाला की कालवलेलं पीठ ओता आणि हात थांबवू नका. दोन मिनिटं वाटतं की हे ताकच राहणार, मग एकदम तळाशी घट्ट होऊ लागतं. चकाकी आली की झाकण ठेवून मंद आचेवर दोन दणदणीत वाफा. ताटलीत घ्या, मधे आळं करा, त्यात कच्चं तेल. तूप घालणारे घालतात, पण उकडीवर तेलच, याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

रव्याचं म्हणाल तर इडली किंवा ढोकळा. रव्याएवढंच दही आणि लागेल तसं पाणी घालून वीस मिनिटं भिजवा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. खायचा सोडा वापरणार असाल तर दही आंबटच हवं, कारण सोडा आणि आंबट यांची गाठ पडली की वायू सुटतो आणि जाळी पडते. गोड दह्यात सोडा तसाच उरतो आणि साबणासारखा लागतो. ईनोमध्ये आंबट घटक मुळातच असतो, त्यामुळे त्याला तुमच्या आंबट दह्याची गरज नाही. तेव्हा दही खपवायचं असेल तर साधा सोडाच घ्या, अर्धा किलो रव्याला सपाट चमचाभर पुरतो, आणि भांडं वाफेवर ठेवायच्या अगदी आधी घाला.

धिरडी, भाजणीचं थालीपीठ, ताकातली खिचडी यांचं वेगळं सांगत नाही. जिथे पाणी घालता तिथे ताक घाला, एवढंच.

कढीचा कंटाळा आलाय म्हणता तर ताकातला पालक किंवा चाकवत करून बघा. मूळ कढीचंच, पण ताटात भाजी म्हणून जातं, नवऱ्याला सांगू नका. भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे शिजवून घ्या, चिरलेली भाजी वाफवून घोटा, त्यात बेसन लावलेलं ताक घाला. वरून लसणाची किंवा सुक्या मिरचीची फोडणी. ताक फुटू नये म्हणून बेसन, ते चिमूटभर घालून चालत नाही. चार वाट्या ताकाला दोन सपाट मोठे चमचे तरी हवं. शिवाय पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं आणि मीठ शेवटी. मी एकदा दिरांच्या साखरपुड्याला वीस माणसांची कढी गॅस मोठा ठेवून सोडून दिली आणि दारात आलेल्या पाहुण्यांशी बोलत बसले. परत आले तर वर पिवळं पाणी आणि खाली चोथा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटीभर पाण्यात बेसन कालवून आणलं, कढी रवीने घुसळली, बेसन ओतलं आणि मंद आचेवर पुन्हा जमवली. अगदी पहिल्यासारखी झाली नाही, पण पंगत उठली. ते ‘काही न बोलणं’ मात्र मला अजून आठवतं.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी किलोभर चिकन किंवा मटणाला अर्धी वाटी आंबट दही, हळद, मीठ, आलं-लसूण चोळून दोन तास फ्रिजमध्ये ठेवावं. श्रावणात हे सांगते म्हणून रागावू नका, दही गोठवून ठेवता येतं. बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरला टाका. बाहेर काढल्यावर ते फाटल्यासारखं रवाळ होतं आणि नुसतं खायच्या लायकीचं राहत नाही, पण मटणाला, धपाट्यांना, कढीला काही फरक पडत नाही. तुम्ही दोघंच आहात, तेव्हा निम्मं दही आजच असं गोठवून टाकलंत तर महिनाभर धावपळ नाही.

ताकातल्या मिरच्या हा खरा उत्तम उपाय, पण तुमचा महिना चुकला. चिरा दिलेल्या मिरच्या मीठ घातलेल्या आंबट दह्यात रात्रभर बुडवायच्या, दिवसा उन्हात, रात्री पुन्हा त्याच दह्यात, दही संपेपर्यंत. आता हे करायला जाल तर मिरच्यांना बुरशी येईल. एप्रिलमध्ये दही उरलं की आठवण करा, तेव्हा प्रमाणासकट सांगेन.

घुसळून लोणी काढायच्या फंदात पडू नका. विकतचं दही बहुतेक कमी सायीच्या दुधाचं असतं. टोण्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, त्यात लोणी कितीसं येणार? रवी फिरवून खांदे तेवढे भरून येतात.

आणि एक सांभाळा. दही डब्यातून काढून ठेवणार असाल तर काचेत, स्टीलमध्ये किंवा चिनी मातीत ठेवा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी उरलेलं दही माहेरच्या पितळी पातेल्यात काढलं, त्याची कल्हई कधीच उडालेली होती. सकाळी कडेने हिरवट पाणी आणि तोंडात घातलं तर धातूची चव. कळकलं. टाकून द्यावं लागलं आणि पातेलंही वर्षभर माळ्यावर गेलं.

पितळेचा विषय निघालाच आहे म्हणून, पूजेचा तांब्या, ताम्हण, समई अजून घासायची राहिली असतील तर डब्याच्या तळाचं, कडेला चिकटलेलं दही त्यांना ठेवा. चिमूटभर मीठ घालून चोळा, पाच मिनिटं थांबा, मग राखेने किंवा भांड्याच्या साबणाने धुऊन लगेच कोरडी पुसा, ओली राहिली तर डाग पडतात. डबा विसळलेलं पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला. माझा कढीपत्ता त्यावर तरारतो, तुमच्याकडे कुंडी असेल तर घालून बघा.

दही चाखलंत की गोडसर आहे की आंबट ते कळवा. गोडसर निघालं तर पंचा आजच धुवायला टाका.