दातांच्या डॉक्टरची धास्ती आणि गुंगीचे पर्याय : खानापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या दाढेला रूट कॅनाल सांगितलंय, आणि मागच्या खेपेला सुई दिसताच ते खुर्चीतून उठून थेट बसस्टँड गाठून बसले. आता विचारताय, बेळगावात ‘झोपवून’ दाताचं काम करतात का? करतात. पण एका दाढेसाठी तेवढ्यावर जायची गरज सहसा पडत नाही. मी डॉक्टर नव्हे. दातांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी मदतनीस म्हणून बरीच वर्षं काढलीत, तेवढ्या जोरावर सांगते.

आधी त्यांना नेमकं कशाचं भ्या वाटतं ते काढून घ्या. सुईचं, मशीनच्या आवाजाचं, की दुखण्याचं? नुसतं सुईचं असेल तर हिरडीवर बधिरतेची जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग औषध अगदी सावकाश सोडायचं. टोचण्यापेक्षा औषध जोरात दाबल्यानं जास्त कळ येते. पू धरून गाल सुजलेला असताना लिग्नोकेन, म्हणजे बधिरतेचं औषध, नीट लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘भूल देऊन पण दुखलं’ म्हणणारे बरेचजण असे सुजल्यावरच आलेले असतात. मग ते आणखी लांबणीवर टाकतात आणि पुढच्या खेपेला परत सुजूनच येतात. म्हणून ठणका कमी असतानाच न्या. डावा हात वर केला की काम थांबवायचं, एवढं डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. त्यानं पण निम्मा धीर येतो.

एवढ्यानं भागलं नाही तर लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड. नाकावर मऊ रबरी मास्क बसवतात आणि ऑक्सिजनमध्ये मिसळून हळूहळू वाढवत नेतात. चार-पाच मिनिटांत हातापायाला मुंग्या येतात, अंग जड होतं. खुर्चीचा हात घट्ट आवळून धरलेली बोटं एकेक करून सुटतात, ते बघितलं की आम्हाला कळायचं, आता चढला. माणूस जागा असतो, ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडतो. बडबड करत तोंडानं श्वास घेतला तर मात्र गॅस वाया. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात, की उतरतो. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही. गरोदरपणाचे पहिले महिने, फुप्फुसाचा जुना आजार, नुकतंच झालेलं डोळ्याच्या पडद्याचं किंवा कानाचं ऑपरेशन, बी-१२ची कमतरता, यातलं काही असेल तर आधी सांगायचं. आणि गॅस दिला तरी बधिरतेचं इंजेक्शन चुकत नाही, फक्त त्याची धास्ती उरत नाही. हे मिस्टरांना आधीच सांगा, नाहीतर फसवलं म्हणतील.

गोळीचाही मार्ग आहे. डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी एखादी डॉक्टर ठरवून देतात, बहुधा तासभर आधी. शेजारच्या काकूंच्या डब्यातली देऊ नका. या गोळ्या शेड्यूल एच-वनमधल्या आहेत, चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. ‘थोडी मारून जातो, धीर येतो’ म्हणणारे आमच्याकडं काय कमी नाहीत! दारूवर ही गोळी पडली तर श्वास मंदावतो. रात्री जोरात घोरत असतील तर तेही लपवू नका.

शिरेतनं मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देतात ती याच्या पुढची पायरी. नंतर त्यातलं फारसं आठवतही नाही. तिथं भूलतज्ज्ञ हजर हवेत, बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवा, ऑक्सिजन आणि उताऱ्याचं फ्लुमाझेनिल हाताशी हवं. हे विचारायला लाजू नका. कोण देणार याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर उठून या. पूर्ण भूल म्हणजे हॉस्पिटल, सहा तास उपाशीपोटी, सगळी तयारी. अगदी लहान पोरं, मतिमंद रुग्ण, एकाच वेळी बरेच दात, यांच्यासाठी ती ठीक. एका दाढेला मी तरी नको म्हणेन.

तालुक्याच्या लहान दवाखान्यांत गॅसचं मशीन सहसा नसतं, आधी फोन करा. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथं चौकशी करा. (निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, त्यांनी तिकडं बघावं.) संमतीचा फॉर्म इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवायला सांगा, कोणीतरी सांगतंच. रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागतात. गुंगी द्यायचीच असेल तर एकाच लांब बैठकीत होईल का, हे नक्की विचारा.

गोळी किंवा शिरेतलं औषध घेतलं तर त्यांना बसमध्ये एकट्यानं बसवू नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीची किल्ली देऊ नका. गॅसवर असतील तर थोडं बसवून डॉक्टर सोडतात, तरी खानापूरपर्यंत स्कूटर तुम्ही चालवा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, नावं तोंडपाठ कुणाचीच नसतात.