बाळाच्या श्रवणचाचणीत ‘रेफर’ आल्यावर

जन्माच्या दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या प्रसूतिगृहात झालेल्या चाचणीत बाळाच्या उजव्या कानापुढे ‘रेफर’ असा शेरा आला, पण घरी थाळी वाजवल्यावर बाळ दचकते, म्हणून पुन्हा तपासणी आवश्यक आहे का, असे आपण विचारले आहे. ठाण्यात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तपासणी अवश्य करावी, आणि बाळ महिन्याचे होण्याआधी करावी.

‘रेफर’ म्हणजे पुन्हा तपासणी हवी असा शेरा; ते बहिरेपणाचे निदान नव्हे. ओएई या प्राथमिक श्रवणचाचणीत कानात सोडलेल्या आवाजाला अंतःकर्णातील पेशींकडून मिळणारा अतिशय क्षीण प्रतिसाद टिपला जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट स्राव किंवा पडद्यामागे द्रव उरला असेल, तर निरोगी कानाचाही प्रतिसाद यंत्रापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अनेक बाळे दुसऱ्या वेळी सहज उत्तीर्ण होतात.

थाळीवर मात्र विसंबू नये, हे मी घरातील वडीलधाऱ्यांचा मान राखूनच सांगते. एक कान चांगला असला तरी बाळ दचकते, आणि दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा दोष असतानाही इतका मोठा आवाज त्याला जाणवतो. बोलण्यातले ‘स’, ‘फ’ यांसारखे हलके ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचतात का, हे थाळीवरून कळत नाही, आणि भाषा तर अशाच ध्वनींवर उभी राहते.

बाळ पाच दिवसांहून अधिक एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा काविळीसाठी रक्त बदलावे लागले असेल, तर आवाजाला श्रवणनस आणि मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीचाच आग्रह धरावा, कारण श्रवणनसेतील दोष ओएईत निसटू शकतो. दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्रासह उपचार सुरू व्हावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. हजारात एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो.

खर्चाची अडचण असल्यास सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झालेल्या या योजनेत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतही तपासणी होते.

बाळ झोपलेले असताना चाचणी नीट होते, म्हणून तेथे पोहोचल्यावरच दूध पाजून झोपवावे आणि दोन्ही कानांचा अहवाल लेखी घ्यावा.